१८६ विरुद्ध १ : राज्यसभेतलं एक मत कसं वाचावं



गेल्या वेळी व्याख्यान संपल्यावर जिना उतरताना एका श्रोत्यांनी आम्हाला थांबवलं. म्हणाले, "सर, लोकसभेचा खासदार आपण निवडतो. तो लग्नाकार्यात दिसतो, त्याला गाठून चार शब्द बोलता येतं. पण राज्यसभेच्या खासदाराने काय केलं हे कळायचं कसं? मोबाइलवर त्याची हजेरी दिसते, प्रश्नांचा आकडा दिसतो. एवढ्यावर माणूस कळतो का?" प्रश्न रास्त होता, पण जिन्यात उभं राहून उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

हे हवेत बोलण्यापेक्षा एका माणसाच्या एका मतावरून बोलू. माणूस तुम्हा सगळ्यांना माहीत आहे : शेतकरी संघटनेचे शरद जोशी. चाकणचं कांदा आंदोलन, नाशिकचं ऊस आंदोलन, निपाणीचं तंबाखू आंदोलन, हे जुन्या मंडळींना आठवतं. पण २००४ च्या जुलैपासून २०१० च्या जुलैपर्यंत ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते, हे फारसं कुणाच्या लक्षात नाही. त्या सहा वर्षांतलं लोकांना आठवतं ते एकच. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झालं, आणि तो 'एक' म्हणजे शरद जोशी.

त्या दिवशी हा आकडा ऐकला तेव्हा आमच्याही कपाळाला आठी पडली होती. १९८६ साली चांदवडला लाखो शेतकरी बायकांना एकत्र आणणारा हा माणूस, आणि बायकांच्या आरक्षणाला एकटा विरोध करतो? चार लोकांत आम्ही बोलूनही गेलो की, वय झालं की माणूस हेकट होतो. पुढे नोंदी जरा नीट वाचल्या तेव्हा कळलं, आमचं ते बोलणं घाईचं होतं. शरद जोशी बरोबर होते असं आम्ही म्हणत नाही, त्यावर नंतर येऊ. पण एका आकड्यावरून आम्ही माणसाचा निकाल लावला, ती रीत चुकली. ती कुठे चुकली, हेच आज सांगायचं आहे.

हजेरी आणि प्रश्न : आकड्यांनी काय कळतं?

आधी तुमच्या मोबाइलवरच्या आकड्यांकडे येऊ. हजेरीचा आकडा म्हणजे त्या दिवशी सदस्याने हजेरीपटावर सही केली एवढंच. सही करून माणूस किती वेळ बसला, काय ऐकलं, हे त्यातून कळत नाही. शिवाय मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांना ही सही करावी लागतच नाही. त्यांच्या नावापुढे रकाना रिकामा दिसला म्हणून ते गैरहजर होते असा अर्थ होत नाही.

प्रश्नांचंही तसंच. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. बेरीज करताना दोन्ही एकाच टोपलीत पडतात. आणि कोणाचे प्रश्न कोणत्या क्रमाने घ्यायचे हे चिठ्ठ्यांवर ठरतं. आपल्या सोलापूरचंच उदाहरण घ्या. सुशीलकुमार शिंदे २००६ साली राज्यसभेवर गेले तेव्हा ते केंद्रात ऊर्जामंत्री होते. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्या काळातल्या त्यांच्या प्रश्नांची बेरीज शून्य येणार, आणि त्या शून्यावरून कोणी म्हटलं की हे सभागृहात गप्प बसून होते, तर ते हास्यास्पद ठरेल.

खाली नवी पेठेत अजून दुकानं उघडी आहेत. तिथल्या एखाद्या जुन्या व्यापाऱ्याला विचारा. रोजकीर्दीत रक्कम लिहिली पण पुढे 'बाबत' लिहिली नाही, तर ती नोंद त्याला उपयोगाची नसते. दहा हजार गेले, पण ते कापडाचे, हमालीचे की उसने दिलेले? संसदेतल्या आकड्यांनाही 'बाबत' लागते. ती आकड्याच्या शेजारी छापलेली नसते, शोधावी लागते.

एक उदाहरण देतो. खासदाराला स्वतःचं खासगी विधेयक मांडता येतं, त्यासाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास राखलेले असतात. स्वातंत्र्यापासून आजवर अशी जेमतेम १४ विधेयकं कायदा झाली आणि त्यातलं शेवटचं १९७० साली. म्हणजे खासगी विधेयक मंजूर होईल या आशेने कोणी आणत नाही, म्हणणं दप्तरी लागावं म्हणून आणतो. शरद जोशींनीही असं एक आणलं होतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९ अ प्रमाणे पक्षाची नोंदणी करताना पक्षाच्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा. त्यांचं म्हणणं, आम्ही समाजवादी नाही, मग खोटी शपथ का घ्यायची? तो 'समाजवाद' शब्द त्या कलमातून काढावा, असं ते विधेयक होतं. मंजूर झालं नाही. यादीत ते 'खासगी विधेयक : १' एवढंच दिसतं. पण हा माणूस आपल्याला न पटलेल्या शब्दावर सही करायला तयार नव्हता, हे त्यातून कळतं, आणि पुढच्या मतासाठी ते महत्त्वाचं आहे.

'मत' शब्दाचे दोन अर्थ

आता मतांकडे येऊ. मराठीत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. 'माझं मत असं आहे की' यातलं मत म्हणजे विचार. 'मी मत दिलं' यातलं मत म्हणजे कौल. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. माणसाला जे वाटतं तेच तो नोंदवतो, असं आपली भाषा धरून चालते. संसदेत मात्र हे दोन अर्थ एकमेकांपासून सुटतात, आणि ते दोन ठिकाणी सुटतात.

पहिलं ठिकाण आवाजी मतदानाचं. अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती प्रस्ताव मतास टाकते, सदस्य 'होय' किंवा 'नाही' असं मोठ्याने म्हणतात, आणि कोणता आवाज मोठा हे ऐकून निकाल दिला जातो. बहुतेक विधेयकं अशीच मंजूर होतात. यात कोणाचंही नाव नोंदलं जात नाही. नावं नोंदवायची तर मतविभागणी मागावी लागते, ज्याला तिथे 'डिव्हिजन' म्हणतात. मग बटणं दाबली जातात किंवा चिठ्ठ्या भरल्या जातात, आणि कोणी 'होय' म्हटलं, कोणी 'नाही', कोण तटस्थ राहिलं, हे नावानिशी छापलं जातं.

याचा परिणाम काय होतो पाहा. २० सप्टेंबर २०२० रोजी दोन कृषी विधेयकं राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाली. विरोधी सदस्य मतविभागणी मागत होते. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते, म्हणून ती देता आली नाही, असं पीठासीन उपसभापतींच्या बाजूने सांगण्यात आलं. गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यात महाराष्ट्राचे राजीव सातवही होते. पुढे वर्षभर आंदोलन चाललं आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ते कायदे मागे घेतले गेले. चूक कोणाची, या वादात आज जायचं नाही. पण माढ्याच्या किंवा बार्शीच्या एखाद्या शेतकऱ्याने आज विचारलं की, माझ्या राज्यातल्या १९ राज्यसभा सदस्यांपैकी त्या दिवशी कोणी कसं मत दिलं, तर दाखवायला नावांचा कागदच नाही.

घटनादुरुस्तीचं तसं नाही. तिला हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश आणि एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. त्यामुळे मोजणी करावीच लागते. महिला आरक्षण ही घटनादुरुस्ती होती, म्हणूनच आपल्याला '१८६ विरुद्ध १' हे आज सांगता येतं.

दुसरं ठिकाण व्हिपचं, म्हणजे पक्षादेशाचं. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचा कायदा आला. पक्षाने सांगितलं त्याविरुद्ध परवानगी न घेता मत दिलं किंवा मतदान टाळलं, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. 'आयाराम गयाराम' थांबवायला हे औषध काढलं. हेतू वाईट नव्हता. पण पैसे घेऊन उडी मारणारा आणि सद्सद्विवेकाने वेगळं मत देणारा, दोघेही त्या कलमाखाली एकाच रांगेत उभे राहतात.

९ मार्चला मोठ्या पक्षांनी व्हिप काढले होते. विधेयकाबद्दल अनेक पक्षांच्या पोटात वेगवेगळं होतं. संयुक्त जनता दलात तर नितीशकुमार बाजूने आणि शरद यादव विरोधात, असे उघड दोन तट होते. त्या १८६ मतांपैकी किती मतं ही खरोखर त्या त्या सदस्याची मतं होती? कदाचित बहुतेक असतील, कदाचित नसतील. हे बाहेरून ओळखता येणार नाही अशीच कायद्याची रचना आहे. शरद जोशी मात्र आपल्या पक्षाचे राज्यसभेतले एकटेच सदस्य होते. त्यांना व्हिप काढणारं कोणी नव्हतं. त्यामुळे त्यांच्या बाबतीत 'मत' शब्दाचे दोन्ही अर्थ जुळले होते, एवढं खात्रीने म्हणता येतं.

कोण 'नाही' म्हणालं आणि कोण म्हणालं नाही

आता त्या दिवसाकडे जरा जवळून पाहू. हे विधेयक २००८ च्या मे महिन्यात मुद्दाम राज्यसभेत मांडलं गेलं होतं. १९९६ पासून ते लोकसभेत येत होतं आणि लोकसभा विसर्जित झाली की बुडत होतं. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, म्हणून तिथे मांडलेलं आणि तिथेच पडून राहिलेलं विधेयक बुडत नाही. ८ मार्च २०१० ला, महिलादिनी, ते चर्चेला आलं तेव्हा काही सदस्य सभापतींच्या आसनापर्यंत धावले, विधेयकाच्या प्रती फाडल्या. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले आणि मार्शलकरवी त्यांना बाहेर काढण्यात आलं. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला. तृणमूल काँग्रेस मतदानापासून दूर राहिली. मग मतदान झालं.

इथे आमची घाई कुठे झाली ते सांगतो. विधेयकाला सर्वांत कडवा विरोध करणारे जे होते, त्यांच्या नावापुढे 'नाही' नाही. ते सभागृहाबाहेर होते. त्यांची मागणी होती की महिलांच्या कोट्यात मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा हवा. तो विरोध मतदानाच्या कागदावर उमटलाच नाही. आणि ज्याने आयुष्यभर स्त्रियांच्या हक्कांचं काम केलं त्याच्या नावापुढे 'नाही' आहे. नुसता कागद वाचला तर वाटेल, त्या सभागृहात आरक्षणाचा शत्रू एकच होता आणि तो शरद जोशी. कागदावरची नोंद खरी आहे. आम्ही तिच्यावरून काढलेला अर्थ खोटा होता.

त्यांच्या नोंदीची 'बाबत' काय होती? चांदवडच्या मेळाव्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही तुकडा आपल्या हाताने बायकोच्या नावावर सातबाऱ्यावर चढवायचा. सासरच्या जमिनीत आयुष्य खपवलेल्या बाईचं नाव कागदावर येणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको. तेव्हा त्यांचा आक्षेप बायका संसदेत येण्याला नव्हता. तो फिरत्या आरक्षणाला आणि चिठ्ठीने मतदारसंघ ठरवण्याला होता.

हा आक्षेप समजून घेऊ. महापालिकेची आरक्षण सोडत आपण पाहिली आहे. सभागृहात पेटी ठेवतात, शाळकरी मुलाच्या हाताने चिठ्ठी काढतात, आणि कोणाचा प्रभाग गेला, कोणाचा राहिला, यावर बाहेर फटाके किंवा शांतता. २००८ च्या विधेयकात एक तृतीयांश जागा राखीव आणि त्या आळीपाळीने फिरत्या होत्या. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ जागा धरून ढोबळ हिशेब करा. एका निवडणुकीत १६ जागा राखीव. पुढच्या वेळी दुसऱ्या १६. म्हणजे पहिल्या १६ खुल्या झाल्या, नव्या १६ बंद झाल्या. एकूण ३२ मतदारसंघांचं स्वरूप दर पाच वर्षांनी बदललं.

आता निवडून आलेल्या बाईच्या जागी उभं राहून पाहा. पुढच्या वेळी माझी जागा खुली होणार, पक्ष मला तिकीट देईल की नाही कोण जाणे. आणि पुरुषाच्या जागी उभं राहा. पुढच्या वेळी माझी जागा राखीव होऊ शकते. मग पाच वर्षं राबून मतदारसंघ बांधायचा कोणासाठी? पुन्हा त्याच लोकांसमोर जायचं आहे, हीच तर प्रतिनिधीवरची मोठी वेसण असते. ती वेसण सैल होते, हा या आक्षेपाचा गाभा.

आणि दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. एका मतदारसंघातून दोन खासदार, ही कल्पना आपल्याला परकी वाटते, पण १९५२ साली सोलापुरातून एकाच वेळी दोघे लोकसभेवर गेले होते : शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज. राखीव जागा आणि सर्वसाधारण जागा एकाच मतदारसंघात. १९६१ च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली. तिच्यातही अडचणी होत्या, मतदारसंघ अवाढव्य होत. पण जागा न फिरवता प्रतिनिधित्व देता येतं, एवढं तिने दाखवलं होतं.

मग ते बरोबर होते का?

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की सर जोशींची वकिली करतायत. नाही. दुसरी बाजूही तितक्याच जोराने मांडली पाहिजे.

७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर गावपातळीवर आणि शहरांत फिरतं आरक्षण आलं, आणि त्याचा अभ्यास करता आला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ साली पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं तिथे बायकांच्या गरजेच्या कामांवर, विशेषतः पिण्याच्या पाण्यावर, जास्त खर्च झालेला दिसला. निवडून आलेली बाई म्हणजे नवऱ्याची सही, असं सरसकट म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

दुसरा अभ्यास तर आपल्या राज्यातला आहे. रिखिल भवनानी यांनी मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. आधी राखीव असलेला आणि नंतर खुला झालेला प्रभाग घ्या, आणि आधीही राखीव नसलेला प्रभाग घ्या. पहिल्या प्रकारच्या प्रभागात बाई निवडून येण्याची शक्यता दुसऱ्याच्या सुमारे पाचपट निघाली. म्हणजे आरक्षण फिरून गेलं तरी मागे काही ठेवून जातं. बायका उभ्या राहायला शिकतात, पक्ष तिकीट द्यायला शिकतात, मतदार मत द्यायला शिकतात. हा निष्कर्ष २००९ साली, म्हणजे त्या मतदानाच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला. जोशींच्या आक्षेपाला हे उत्तर वजनदार आहे, असं आम्हाला वाटतं.

तिसरा मुद्दा नैतिक आहे. पद्धत सदोष आहे म्हणून 'नाही' म्हणायचं, तर अधिक चांगली पद्धत येईपर्यंत काय? १९९६ पासून २०१० पर्यंत चौदा वर्षं गेलीच होती. थांबण्याची किंमत 'नाही' म्हणणारा भरत नाही, ती भरते संसदेत न पोचलेली बाई.

तरीही जोशींचं म्हणणं पोकळ नव्हतं, याचा पुरावा नंतर मिळाला. १८६ मतांनी मंजूर झालेलं ते विधेयक लोकसभेत गेलं, तिथे कधी मतालाच आलं नाही, आणि २०१४ साली ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बुडालं. राज्यसभेने मंजूर करून लोकसभेकडे पाठवलेल्या विधेयकाला मघाचं संरक्षण मिळत नाही. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये नवा कायदा झाला. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध ०. या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत, प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर फिरतात. जोशींचं ऐकून हा बदल केला असं आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा आमच्याकडे नाही. पण ज्या सांध्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं तिथेच फरक झाला. त्याच वेळी आरक्षणाची अंमलबजावणी जनगणना आणि पुनर्रचना यांच्या मागे बांधली गेली, म्हणजे थांबण्याची किंमत पुन्हा बायकांच्याच माथी आली. आणि लोकसभेतली ती दोन 'नाही' मतं? असदुद्दीन ओवैसी आणि औरंगाबादचे इम्तियाज जलील यांची. त्यांचं कारण मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांच्या वाट्याचं होतं, फिरत्या जागांचं नव्हे. २०१० चं एक 'नाही' आणि २०२३ ची दोन 'नाही' कागदावर एकसारखीच दिसतात. कारणं मात्र अगदी वेगळी.

हरणाऱ्या मताचा उपयोग काय?

२०१० ला १८७ जणांनी मत दिलं. दोन तृतीयांशांसाठी १२५ मतं पुरेशी होती. जोशींच्या मताने निकालात काडीचा फरक पडणार नव्हता, आणि हे त्यांना दिसत होतं. ते सभात्याग करू शकले असते, प्रकृतीचं कारण सांगून घरी राहू शकले असते. बाहेर राहिलेल्यांना पुढे कोणी विचारत नाही. आत बसून 'नाही' म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

आमच्या विषयातलं एक जुनं उदाहरण आठवतं. इ. स. पू. ४०६ मध्ये अथेन्सच्या सभेत सागरी लढाईतल्या सेनापतींवर खटला आला. सगळ्यांचा निकाल एकाच मतदानाने लावायचा प्रस्ताव होता, जो अथेन्सच्या कायद्यात बसत नव्हता. त्या दिवशी सभेचं काम चालवणाऱ्यांपैकी सॉक्रेटिस एक होता, आणि तो प्रस्ताव मतास टाकायला त्याने एकट्याने नकार दिला. सेनापती निर्दोष आहेत असं त्याचं म्हणणं नव्हतं, पद्धत चुकते आहे असं होतं. त्याचं कोणी ऐकलं नाही. सहा जणांना मारण्यात आलं. पुढे अथेन्सला त्याचा पश्चात्ताप झाला.

एकटा पडला म्हणून माणूस बरोबर ठरतो, असा अर्थ यातून काढू नका. एकटे पडलेले बरेच लोक साफ चुकलेले असतात. एवढाच अर्थ काढा, की पद्धतीवरचा आक्षेप आणि हेतूवरचा आक्षेप या दोन गोष्टी आहेत, आणि 'नाही' या एका शब्दात त्या ओळखू येत नाहीत.

म्हणून जिन्यातल्या त्या श्रोत्यांना आमचं उत्तर असं. खासदाराची नोंद जरूर पाहा, पण पाच गोष्टी विचारा. मतदान नावानिशी झालं होतं की आवाजी? व्हिप होता का? हा सदस्य हजर राहून 'नाही' म्हणाला, तटस्थ राहिला, की निघून गेला? त्याने कारण कुठे सांगितलं आहे का? आणि त्या कारणाशी त्याचं आधीचं काम जुळतं का? राज्यसभेची छापील कार्यवाही सर्वांना खुली आहे. एका भाषणाला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ आम्ही २०१० मध्ये दिला नव्हता.

श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन

प्रश्न : सर, व्हिप काढूनच टाकावा का?

उत्तर : सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानाला तो असावा, नाहीतर रोज बाजार भरेल. पण दर विधेयकाला कशाला? १९९२ साली सर्वोच्च न्यायालयानेही किहोटो होलोहान खटल्यात म्हटलं होतं की, विश्वासमत आणि पक्षाच्या मूळ धोरणाचा प्रश्न, इतपतच पक्षादेशाची सक्ती मर्यादित असावी. प्रत्यक्षात पक्ष तेवढ्यावर थांबत नाहीत.

प्रश्न : त्या दिवशी तुम्ही राज्यसभेत असता तर कसं मत दिलं असतं?

उत्तर : 'होय' दिलं असतं. पाण्याचा अभ्यास आणि मुंबईचा अभ्यास पाहता अजूनही 'होय'च देऊ. पण मत देण्याआधी शरद जोशींना बोलायला वेळ द्या असं म्हटलं असतं, आणि ते बोलत असताना ऐकलं असतं.

आज इथेच थांबू. नमस्कार.